फुलीवालीच्या हातची सॅक

मित्रांनो, जरा माळ्याकडे बघा. पत्र्याच्या पेटीमागून एक हिरवा पट्टा खाली लोंबतोय ना? तो माझा. मी एक जुनी सॅक आहे. माझ्या पोटात सध्या दोन विरलेल्या चादरी आणि एका पायाचा बूट आहे. दुसरा बूट कुठे गेला हे घरात कोणालाच ठाऊक नाही. पण मला कमी लेखू नका, हो! मी अर्धा देश पाहिला आहे. खोटे वाटत असेल तर तळाशी हात घाला. समुद्राची वाळू अजून माझ्या शिवणीत अडकलेली सापडेल.

मला जिने शिवले ती बाई बॅगांच्या कारखान्यात पट्टे जोडायची. सॅकचा पट्टा जिथे पाठीला जोडतात, तिथे आधी शिवणीची चौकट मारतात आणि चौकटीच्या आत फुली. सगळा भार त्या फुलीवर असतो. या बाईची फुली उसवल्याचे कोणी कधी ऐकले नव्हते, म्हणून कारखान्यात तिचे नावच फुलीवाली पडले होते. मुकादम नव्या बायकांना सांगायचा, "हिच्या पट्ट्याला माणूस लटकवा. माणूस तुटेल, पट्टा नाही तुटायचा."

फुलीवालीच्या थोरल्या लेकीला घरात सगळे ‘मोठी’ म्हणत. मोठीचे कॉलेज संपले आणि एका संध्याकाळी तिने जाहीर केले, "मी देश बघायला जाणार. पाठीवर सॅक टाकून, एकटी. कुणी सोडायला नको, कुणी आणायला नको."

घरात जो काही गोंधळ उडाला तो काय सांगू! त्या घरातले कोणी कधी एकटे परगावी गेलेच नव्हते. लग्नाला निघायचे तरी अख्खी पलटण निघायची.

"एकटीनं?" आत्या किंचाळली. "आणि हरवलीस म्हणजे?"

"हरवले तर सापडेन की!"

"बघा, बघा! जिभेला काही हाड आहे का कार्टीच्या?"

बाबा वर्तमानपत्रामागूनच म्हणाले, "जाऊ दे गं तिला. आपण नाही गेलो, ती तरी जाईल."

आई मात्र हो म्हणाली नाही आणि नाहीही म्हणाली नाही. रविवारी तिने कारखान्यात उरलेले जाड हिरवे कापड आणले आणि घरच्या मशीनवर बसली. मोठीने मागून येऊन तिच्या गळ्यात हातच टाकले. "तू सॅक शिवतेस, म्हणजे तुझं हो आहे! हो ना गं आई?"

"बाजूला हो. सुई जाईल बोटात," आई म्हणाली.

थोडक्यात काय, तर आईचा होकार म्हणजे मी! जन्माला यायच्या आधीच मला केवढा मान मिळाला!

डावा पट्टा झाला. उजव्यापाशी आई थांबली. दुपार होती, सगळे आडवे झाले होते. तिने मशीनमधली खालच्या दोऱ्याची बॉबीन काढून दुसरी घातली. तिच्यावर कच्चा दोरा होता. कापड शिवण्याआधी नुसते टाचून ठेवायला वापरतात ना, बोटाने ओढला तरी तुटणारा पांढरा दोरा, तोच. वरून काळा पक्का दोरा आणि खालून हा. बाहेरून पाहाल तर चौकट तीच, फुलीही तीच. आतून तिने अस्तर लावून टाकले. तिचा हिशेब सरळ होता. लेक भरलेली सॅक उचलणार, स्टँड येईपर्यंत पट्टा तुटणार आणि रडत का होईना, जेवायच्या वेळेला पोरगी घरात!

मला सगळे कळत होते. पण मित्रांनो, सॅकला तोंड असते ते फक्त सामान घ्यायला.

हा हिशेब चुकला तो घरच्याच खोडीमुळे. निघायच्या आदल्या दिवशी सगळे मला भरायला बसले. आत्याने जाड रजई कोंबली. बाबांनी छत्री, टॉर्च, पक्कड आणि कुलूप घातले. "कुलूप कशाला?" मोठीने विचारले. "असावं," बाबा म्हणाले. कोणीतरी इस्त्रीसुद्धा घातली! त्या घरात प्रवासाला जाणे म्हणजे बिऱ्हाड हलवणे. आईने तोच भार धरून दोरा निवडला होता. पण सकाळी सगळे उठायच्या आत मोठीने मला उलटे केले, रजईपासून इस्त्रीपर्यंत सगळे पलंगाखाली सरकवले आणि दोन कपडे, टॉवेल, पाण्याची बाटली एवढेच घेऊन मला खांद्यावर टाकले. दारात आईने माझा उजवा पट्टा नीट केला. तिचा हात जरा जास्तच रेंगाळला. मोठीला वाटले, माया.

स्टँड आला आणि गेलाही. कच्चा दोरा टिकला!

मग काय विचारता! आम्ही खिडकीच्या सीटसाठी लोकांशी भांडलो. समुद्राच्या वाळूत लोळलो. मोठी चुकीच्या गाडीत बसून भलत्याच गावी उतरली आणि दिवसभर ते भलतेच गाव मजेत पाहत बसली. दर मुक्कामाला बोली बदलायची आणि ती हातवारे करून जेवण मिळवायची. सुरुवातीला रस्ता विचारताना तिचा आवाज चिरकायचा. पुढे पुढे लोक तिलाच रस्ता विचारू लागले, आणि ही बया माहीत नसतानाही ठणकावून सांगू लागली.

रोज संध्याकाळी आईचा फोन यायचा. "जेवलीस का?" झाले की पुढचा प्रश्न ठरलेला. "सॅक बरी आहे ना गं?"

मोठी हसून मला थोपटायची. "बघ, माझ्यापेक्षा तुझीच काळजी जास्त!"

माझ्या अंगावर काटा यायचा.

शेवटी डोंगरातल्या एका लहानशा थांब्यावर ते घडलेच. ऊन उतरत आले होते. बस सुटत होती, मोठी धावली, दांड्याला धरून तिने पायरीवर पाय टाकला आणि माझा उजवा पट्टा मुळापासून सुटला. मी एका बाजूला झुकले, ती माझ्यासकट खडीवर आदळली. गुडघा फुटला, मनगट मुरगळले. बस निघून गेली. तिथली भाषा तिला येत नव्हती. आतापर्यंत वाघीण असलेली ती पोरगी मला मांडीवर घेऊन हमसून हमसून रडली. मग तिने फोन काढला आणि घरचा नंबर समोर आणला. "बाबा, मला न्यायला या," एवढे चार शब्द बोलले की प्रवास संपला असता.

बटण दाबायच्या आधी तिने सहज तुटलेली जागा पाहिली. फाटलेल्या अस्तरातून पांढरे दोरे बाहेर आले होते.

मित्रांनो, ती फुलीवालीची लेक! लहानपणी आईच्या पायाशी बसून दोऱ्यांची टोके कापत वाढलेली. तिने एक दोरा चिमटीत धरून ओढला. तो टचकन तुटला. दुसरा ओढला, तोही तुटला. मग तिने डावा पट्टा सगळा जोर लावून ओढला. तो तसूभर हलला नाही. तिचे रडणे थांबले. न थांबते तर बरे झाले असते.

तेवढ्यात फोन वाजला. आईचा.

"जेवलीस का?"

"हो."

"सॅक बरी आहे ना गं?"

मोठीने माझ्याकडे पाहिले. "एकदम पक्की आहे, आई."

थांब्याजवळ एक चप्पल शिवणारा बसला होता. मोठीने त्याला मातीत बोटाने चौकट काढून दाखवली आणि आत फुली. त्याने मान डोलावली. त्याच्याकडे पिवळाच दोरा होता. त्याने तोच दुहेरी घेऊन पट्टा शिवला आणि स्वतः पट्ट्याला लोंबकळून हसून दाखवले. मोठी हसली नाही. दुसऱ्या दिवशी पुढची बस पकडून तिने ठरवलेला प्रवास पूर्ण केला. आता ती कोणाशी भांडत नव्हती आणि चुकतही नव्हती.

घरी केवढे कौतुक झाले! आत्या चार घरी सांगून आली, "आमची पोरगी वाघ आहे, मी म्हटलंच होतं!" आईने मला धुवायला घेतले. साबणाचा हात उजव्या पट्ट्यावर आला आणि थांबला. पिवळी फुली. नळ तसाच वाहत राहिला. मोठी दारात उभी होती. दोघींनी एकमेकींकडे पाहिले.

"पट्टा उसवला होता का गं?"

"नाही. का?"

एवढेच. त्या घरातली भांडणे अख्ख्या चाळीत ऐकू जायची, पण हे भांडण कधी झालेच नाही.

पुढे मोठीला दुसऱ्या शहरात नोकरी लागली. जाताना आईने मला पुसून पुढे केले. "राहू दे," मोठी म्हणाली, "मी दुकानातून नवीन आणली." त्यानंतर आईने शिवलेली एकही वस्तू तिने वापरली नाही. ती उद्धट नाही हो, वेळेवर फोन करते, सणाला येते, पाया पडते. फक्त कुठे जाते, कोणाबरोबर जाते, हे जाऊन आल्यावर सांगते.

एका दुपारी आईने मला माळ्यावरून खाली काढले. पिवळ्या फुलीला हात न लावता तिच्याभोवती पक्क्या दोऱ्याने नवी चौकट मारली, फुली मारली, पुन्हा फुली मारली, सुई मोडेपर्यंत. आज या घरात माझ्याइतकी मजबूत वस्तू दुसरी नाही. माणूस लटकवा! मग तिने मला परत वर ठेवले. बूट नंतर आला.

मित्रांनो, सॅक ओली ठेवू नका, चेनला मेण लावा, हे सगळे तुम्हाला ठाऊक आहे. माझे मागणे वेगळे आहे. उद्या तुमच्याही दारातून कोणीतरी निघेल. जाऊ द्यायचे नसेल तर दारात आडवे पडा, रडा, भांडा, जेवू नका. भांडणाने उसवलेले परत शिवता येते. पण पक्क्या दोऱ्याखाली कच्चा दोरा घालू नका.

ऐका, खाली फोन लागलाय. आई विचारतेय, "बरी आहेस ना गं?" पलीकडचा आवाज मला इथवर ऐकू येतो.

"एकदम पक्की आहे, आई."