गुरुजींचं पंचावन्नावं

"मंगली झाली त्या साली वाघानं पोचूची म्हैस नेली होती जी," रुखमा म्हणाली.

"वाघ पोचूची म्हैस दर साली नेते, बाई. दुसरं काई सांग."

केवळराम गुरुजींनी वाळलेला टाक पुन्हा दौतीत बुडवला. दाखलखारीज रजिस्टरात मंगलीच्या नावापुढचा जन्मतारखेचा रकाना अजून कोराच होता. सकाळी अकराला मंगली शाळेच्या पायरीवर उभी राहिली तेव्हाच गुरुजींच्या मनानं सांगितलं होतं : सात. हे असं नेहमीच व्हायचं. आकडा न बोलावता यायचा, आणि कधी चुकायचा नाही. तिथंच थांबले असते तर गुरुजी सुखी झाले असते. पण कारणाशिवाय कळलेली गोष्ट त्यांना चोरीच्या मालासारखी वाटायची. मग उलटतपासणी सुरू.

"मोहफुलं पडत होती?"

"पडत होती."

"शाळेवर नवा झेंडा लागला त्याच्या आधी का मंग?"

"पुढच्या उन्हाळ्यात जी."

दोन वाजता उत्तर निघालं. सात. रुखमाची अर्ध्या दिवसाची मजुरी तेवढी बुडाली.

पलीकडच्या चटईवर बाबुलाल मास्तरांनी तोवर चौदा पोरं दाखल केली होती. चौदाही एक जुलैला जन्मलेली.

"गुरुजी, तुमाले अकरालाच समजलं होतं ना?" मास्तरांनी विचारलं.

"समजलं होतं. पटलं नव्हतं."

रुखमा पदर झटकत उठली. "सगळ्याइले विचारता. तुमचं वय केवढं हाये जी?"

"त्रेपन्न," गुरुजी म्हणाले, आणि त्याच क्षणी आतून कुणीतरी म्हणालं : पंचावन्न.

नोकरी पंचावन्नाव्या वर्षी संपते. सर्व्हिस बुकाप्रमाणे गुरुजींची दोन वर्षं बाकी होती. शाळेमागची राहायची खोलीही तेवढीच बाकी होती. शहाण्या माणसानं हा आवाज अपचनावर ढकलला असता. गुरुजी रविवारी मोटारीनं मूल गावी, थोरल्या बहिणीकडे गेले.

"ताराबाई, मी झालो तवाचं काई आठवते?"

"न आठवाले काय झालं? मोठा दुकाळ होता. माय दुकाळाच्या कामावर गिट्टी फोडे. तू टोपल्यात, अन माशा हाकलाले मी."

"कोणता दुकाळ? आधीचा का तीन सालानंतरचा?"

"भूक काय साल सांगून लागते रे, केवळ्या?"

"तुझे दात पडले होते?"

"समोरचे दोन पडले होते. तुले काऊन पायजे माये दात?"

बहिणीचे दात, तिचं लग्न, तिचा थोरला मुलगा, त्याच्या बारशाला गावात आलेली पटकीची साथ. गुरुजींनी दिवसभर एकेक गोष्ट साखळीसारखी अडकवली. ताराबाईंनी वैतागून दोनदा जेवायला वाढलं. संध्याकाळी उत्तर आलं. पंचावन्न पूर्ण, वर दोन महिने.

घरी प्रेमिलाबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि चुलीतलं लाकूड मागं ओढलं.

"बुकात काय लिवलं हाये?"

"त्रेपन्न."

"मंग त्रेपन्न."

"पण हाये पंचावन्न."

"कोणाले माहीत हाये?"

"मले."

"तुमी कोणाले सांगू नका, मी नाई सांगत. झालं!"

"अवो, पण मले तं माहीत झालं ना."

"जगातले सारे लोक आपलं वय लपवतात. माह्या नशिबी हा खोदून काढणारा आला!"

चांद्याच्या कचेरीत कारकुनानं अर्ज उलटा करून पाहिला. मागं काहीतरी लिहिलं असेल असं त्याला वाटलं असावं.

"वय कमी कराचा अर्ज रोज येते, गुरुजी. वाढवाचा हा पयलाच. पुरावा?"

"बहीण."

"बहीण कागद नसते जी."

तीन महिन्यांनी उत्तर आलं : अर्जदाराचा दावा पुराव्याअभावी नामंजूर, सबब अर्जदार त्रेपन्न वर्षांचाच आहे. प्रेमिलाबाईंनी शेजारी गूळ वाटला. गुरुजी आठ दिवस शाळेत गेले, खुर्चीवर बसले, आणि प्रत्येक वेळी दुसऱ्याच्या जागेवर बसल्यासारखे टोकाला बसले. नवव्या दिवशी त्यांनी राजीनामा लिहिला.

"सरकार म्हणते त्रेपन्न!" प्रेमिलाबाई ओरडल्या. "तुमी सरकारापेक्षा शहाणे काय?"

"सरकारचा हिशेब चुकला, अवो."

"अन आपला? खोली सोडा लागन, कुठी जाचं?"

"मूलले. ताराबाईचा सोपा रिकामा हाये."

त्या उठल्या आणि फळीवरची भांडी खाली काढू लागल्या.

आठव्या दिवशी कोलूची बैलगाडी निघाली. पेटी, धान्याचं पोतं, अंथरुणं, घागर, आणि त्यांच्यामध्ये पाठ ताठ करून प्रेमिलाबाई. गुरुजी छत्री घेऊन मागून चालत होते. शाळेजवळून जाताना आत पाढे चालू होते. त्यांनी पावलं हळू केली नाहीत, मानही वळवली नाही. फक्त बाराच्या पाढ्यात पोरं चुकली तेव्हा छत्रीची मूठ घट्ट धरली.

मैलभर गेल्यावर कोलूला बोलल्याशिवाय राहवेना. "गुरुजी, हा डावा बैल केवढा असन?"

"तेरा," गुरुजी लगेच म्हणाले. मग थबकले. "थांब जरा. तू त्याले कोणत्या बाजारातून आणला होता? त्या साली —"

"कोलू, गाडी हाक!" आठ दिवसांत प्रेमिलाबाई पहिल्यांदा बोलल्या.

गाडी हलली. गुरुजी मागून चालू लागले. वाट चढाची होती. त्यांना धाप लागत होती आणि ती ऐकू येऊ नये म्हणून ते मधूनमधून खोकत होते. प्रेमिलाबाईंनी काही वेळ ते खोकणं ऐकलं. मग शेजारची घागर उचलून मांडीवर घेतली. पोत्याजवळ एका माणसापुरती जागा झाली. त्या रस्त्याकडे बघत राहिल्या.

"थांबव रे," त्या कोलूला म्हणाल्या.