हात वर करून पाणी

माझी बायको सिंधूबाई चौऱ्याहत्तर साली दिवाळीनंतर तापानं गेली. आमच्या मांडवगण फराट्यात दुखवट्याच्या घरी चूल पेटत नाही. भावकीतल्या बायका पिठलं-भाकरी आणतात, त्याला कडू घास म्हणतात, आणि घरच्यांना तो खावाच लागतो. मी दोन घास खायचो, तिसरा छातीच्या मधोमध उभा राहायचा. मग मी ताट सरकवून उठायचो आणि बायका डोळ्यांना पदर लावायच्या. बायकोमागं असा झुरणारा नवरा त्यांनी पाहिला नव्हता. शेजारच्या रंगुबाईनं तर माझं नाव घेऊन आपल्या मालकाला पुष्कळ ऐकवलं. तो बिचारा बरेच दिवस माझ्याशी बोलत नव्हता.

उन्हाळा आला तरी तेच. सदरा खांद्यावरून ओघळायला लागला. दुःखानं घास उतरत नाही असं सगळे म्हणायचे, आणि ऐकून ऐकून मलाही ते पटलं होतं.

माझी थोरली बहीण चांगुणाआक्का पाबळहून राहायला आली. तिनं मला शिरूरला डॉक्टरकडे नेलं आणि माझ्या वाटचं सगळं तीच बोलली. भाकरी अडकते, पाणी न् पेज मात्र सुरळीत उतरते, असं तिनं सांगितलं. तिनं रिकामे तांबे तेवढे पाहिले होते. पाणी प्यायला मी गोठ्यामागं जायचो. दोन घोट घेऊन दोन्ही हात आभाळाकडे ताणले की ते खाली जायचं. बायको गेलेला माणूस हात वर करून उभा दिसला असता, तर लोक काय म्हणाले असते?

आक्काचं ऐकून डॉक्टर म्हणाले की अन्ननलिकेत गाठ असू शकते, दौंडला एक्सरे काढून घ्या.

सिंधूच्या मागोमाग आपणही जावं, असं मी चारचौघांत म्हणत आलो होतो. गाठ हा शब्द ऐकला आणि मला जायचं नाही हे कळलं. आमची ललिता पहिल्या बाळंतपणाला येणार होती. तिला माहेर म्हणून आता मीच होतो.

दौंडचे डॉक्टर वयस्कर होते. आक्कानं तोंड उघडलं तसं त्यांनी तिला हातानं थांबवलं आणि माझ्यापुढे पाण्याचा पेला ठेवला.

"प्या माझ्यासमोर."

मी उभा राहिलो. दोन घोट घेतले, थांबलो, हात वर ताणले, मान मागं टाकली. गुळगुळ आवाज होऊन पाणी उतरलं.

"आरं, हितं काय नाचतूस?" आक्का म्हणाली.

डॉक्टर पुढे सरकून बसले. "हे कुणी शिकवलं तुम्हाला?"

"मालकिणीनं. दिवाळीनंतर गेली ती."

"म्हणजे त्या होत्या तेव्हापासून पाणी अडकतंय?"

तेव्हा मला आठवलं. आदल्या वर्षीच्या पोळ्याला पुरणपोळी अडकली, वर प्यायलेलं पाणीही अडकलं. लहान पोराला सांगतात तसं सिंधूनं हात वर करायला लावलं होतं आणि हसून हसून ती खाली बसली होती. तिच्या जाण्यानं सुरू झालं म्हणून मी जे धरून बसलो होतो, ते तिच्यादेखतच सुरू झालं होतं.

डॉक्टरांनी समजावलं की गाठ असली तर आधी भाकरी अडकते, मग भात, पाणी सगळ्यात शेवटी. पहिल्यापासून दोन्ही अडकत असेल तर बहुतेक नळीच्या हालचालीत बिघाड असतो. त्यातही प्रकार आहेत. कुणाची नळी जोरात आवळते आणि छातीत कळ येते. कुणाची नळी घास ढकलतच नाही आणि खालचं तोंड मिटलेलं राहतं.

"पंपाच्या तळाचा फुटव्हॉल्व्ह अडकलाय म्हणा की," मी म्हणालो.

"तसंच. पण फोटो बघितल्याशिवाय मी काही बोलणार नाही."

मग मला कालवलेल्या चुन्यासारखं पांढरं, दाट औषध पाजून यंत्रापुढे उभं केलं. फोटोत वर फुगलेली नळी होती आणि खाली ती पाखराच्या चोचीसारखी निमुळती झाली होती. कडा गुळगुळीत होत्या. गाठीच्या कडा कुरतडल्यासारख्या दिसतात, असं डॉक्टर म्हणाले. तरी त्यांनी पुण्याला दुर्बिणीनं आतून बघायला लावलं. गाठ नव्हती. तिथंच रबरी पिशवी नळीत उतरवून फुगवली आणि ते तोंड सैल केलं. दुखलं भरपूर.

ललिता आली त्या दिवशी रंगुबाई डोकवायला आली. मी पाटावर बसून तिसरी भाकरी मोडत होतो. लवकर सावरला की गडी, असं ती जरा नाराजीनंच म्हणाली.

"त्याचं दुःख हाय तितंच हाय बाई," आक्का म्हणाली. "नळी तेवढी मोकळी झालीया."

तिचं खरं होतं. ठेचा आक्कानं केला होता, चांगला होता, पण सिंधूच्या हातचा नव्हता. माझे डोळे भरले. ललितानं घाईनं पाण्याचा तांब्या पुढे केला. मी तो बसल्या बसल्या प्यायलो आणि तिला म्हणालो, अजून अर्धी वाढ.