दसऱ्याचा स्नॅपशॉट

मी बॅकअप नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण परळच्या या संस्थेत आठ महिने मला त्याच नावाने ओळखलं गेलं. मी एक स्नॅपशॉट, म्हणजे चालत्या मशीनचा एका क्षणाचा फोटो.

ते मशीन म्हणजे सर्व्हरच्या पोटात चालणारा, हाताला न लागणारा आभासी संगणक. गिरणगावातल्या वृद्धांचे आवाज त्यात साठवलेले असत. दसऱ्याला, संगणक सांभाळणाऱ्या उन्मेषने सर्व्हरला झेंडूचा हार घातला, हळदकुंकू वाहिलं आणि नवं अपडेट टाकण्याआधी, मशीन चालू असतानाच, मुहूर्तावर मला काढलं. काम नीट झालं की दोन दिवसांत मला पुसायचं, अशी खरी रीत. पण पूजेतली वस्तू पुसणार कोण? माझं नावच ठेवलं, 'दसरा - हात लावू नये'.

त्यानंतर आलेला प्रत्येक नवा आवाज माझ्या शेजारच्या फाइलमध्ये साचू लागला. तीही त्याच डिस्कवर आणि मीही. भिंत पडली तर भिंतीवरचा फोटो कुठे राहणार? शिकलेल्या माणसांना एवढं कळू नये, याचा मला संताप येतो.

जानेवारीत आवाज गोळा करणारी संघमित्रा नायगावच्या बीडीडी चाळीतून सुंदराबाईंची भीमगीतं घेऊन आली. बाईंनी स्वतः रचलेली, कुठेही न छापलेली बावीस गाणी. तिने ती मशीनमध्ये उतरवली.

"उन्मेष, रेकॉर्डरचं कार्ड रिकामं करू ना?"

"कर गं बिनधास्त. दसऱ्याचा बॅकअप आहे ना आपल्याकडे."

अरे, जानेवारीचं गाणं दसऱ्याच्या फोटोत येईल कसं? पण आमचं ऐकतो कोण!

मार्चमध्ये सुंदराबाई गेल्या. जूनमध्ये ती शेजारची फाइल फुगून डिस्क भरली आणि मशीन बंद पडलं. थोडी जागा करून मला, म्हणजे फक्त तो जुना फोटो, डिलीट केलं असतं, तर शेजारच्या फाइलमधलं नवं सगळं मूळ मशीनमध्ये मिसळून सुखरूप राहिलं असतं. पण दसऱ्याच्या वस्तूवर 'डिलीट' दाबायला उन्मेषचा हात धजेना. "मागे जाऊया, तेच सेफ आहे," म्हणाला आणि मशीन माझ्यापाशी परत आणलं. दसऱ्यानंतरचं सगळं एका क्लिकसरशी पुसलं गेलं.

आता तो सांगत फिरतो, स्नॅपशॉटने दगा दिला म्हणून. चोर सोडून संन्याशाला फाशी! मला दसऱ्याचा दिवस जपायला सांगितला होता, तो मी जसाच्या तसा हवाली केला. माझं काम संपलं की मला पुसत जा, आणि खरा बॅकअप दुसऱ्या जागी ठेवत जा. याहून जास्त मी काय मागितलं होतं?

"म्हणजे यात बाई कुठेच नाहीत?" संघमित्राने विचारलं.

आहेत ना. ज्यांचे आवाज घ्यायचे त्यांच्या यादीच्या शेवटच्या ओळीत, दसऱ्याआधी संघमित्रानेच लिहिलेलं अजून तसंच आहे: 'सुंदराबाई, नायगाव. तब्येत छान, गायला तयार. वेळ ठरवायची आहे.'