मिठागरातला उजेड

फोटो धुण्याच्या हायपोचा आंबूस वास आणि हळदीचा वास, हे दोन्ही एकाच हाताला येणारी बाई अख्ख्या रोह्यात एकच होती, आणि ती माझी बायको होती. शैला पोळी वाढायला वाकली की आधी तो वास यायचा, मग पोळी. न्हाणीघरात तिचा तांबडा दिवा लागला की बाकीच्यांनी आंघोळ विसरायची. पाटावर ओळीनं मांडलेल्या थाळ्या, थाळीतल्या द्रावाखाली कोरा कागद, आणि त्या शुभ्रतेतून सावकाश उमलत येणारा एखादा चेहरा! मी मराठीचा मास्तर, अलंकार शिकवण्यात माझी हयात गेली. पण ते पाहताना माझी बोलती बंद व्हायची.

लग्नमुंजींचे फोटो ती पोटापुरते काढी. जीव गुंतला होता तो काळ्यापांढऱ्या छायाचित्रांत, ज्यांना गिऱ्हाईक नव्हतं आणि ज्यांचा हट्ट मात्र दांडगा होता. तिचा कॅमेरा दोन भिंगांचा, वरून मान खाली घालून बघायचा. आमच्याकडच्या पावसाळ्यात भिंगावर बुरशी धरते, म्हणून तो चार महिने तांदळाच्या डब्यात निजे. भाताला कातडी पट्ट्याचा वास येतो अशी मी कुरकुर केली की ती म्हणे, "मग पोळ्या खा."

तिचं माहेर पेणचं, आणि तिचं खरं वेड पेणच्या खाडीकडची मिठागरं. उन्हाळ्यात जिथे बघवत नाही तिथे ती तासन् तास बघत उभी राही. उजेड आभाळातून येतो एवढंच आपल्याला ठाऊक; मिठागरात तो जमिनीतूनही वर येतो, हनुवटीखालून, डोळ्यांच्या खाचांतून, जिथे एरवी सावलीच असते तिथून. एवढ्या पांढऱ्या झळाळीत उजेड मोजायचं मापक हटकून फसतं, म्हणून ती ते स्वतःच्या तळहातावर धरून माप घेई. छत्री धरून मागे उभा राहण्याचं काम माझं, आणि तेही धड जमत नाही असं तिचं मत.

तिथेच तिला चांगुणाबाई भेटल्या. मिठाच्या पाट्या वाहून मान खांबासारखी ताठ झालेली म्हातारी. पहिल्यांदा त्यांनी शैलाला उडवूनच लावलं. "माझा कसला फोटू काढतेस गो बाय? घरात सून हाय, चांगली गोरी हाय." शैला हसली, आणि पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा गेली, त्याच्या पुढच्याही. मग एका दुपारी चांगुणाबाईंनी पाटी रिकामी केली, पदरानं तोंड पुसलं आणि कशाला तरी खळखळून हसल्या. त्या क्षणी खालून आलेल्या प्रकाशानं त्यांच्या चेहऱ्यावरची एकेक सुरकुती उजळली. एवढी वर्षं मी त्या चित्राकडे बघतोय, आणि अजून माझी छाती फुगते. काढणारी माझी बायको आहे, फुगणारच!

पेणच्या एका शाळेच्या सभागृहात तिचं पहिलं प्रदर्शन लागलं. दर्शनी भिंतीवर चांगुणाबाई, जवळजवळ माणसाच्या उंचीच्या, काळ्या चौकटीत. दुसऱ्या दिवशी मुंबईच्या एका कलादालनाचे चालक येणार होते. त्यांना पसंत पडलं तर मुंबईत प्रदर्शन. शैलानं उभ्या आयुष्यात मागितलं असेल तर तेवढंच.

पहिल्या दिवशी येणाऱ्या बायका त्या चित्रापुढे हात जोडत होत्या. आम्ही दोघं खुळ्यासारखे सुखावत होतो. संध्याकाळी चांगुणाबाईंचा मुलगा धर्मा तावातावानं आत शिरला.

"वहिनी, आमची म्हातारी जिती हाय! तिला भिंतीवर का टांगलीव? सकाळधरनं माणसं दुखवट्याला येताहेत, आन् म्हातारी वट्यावर मासळी साफ करत बसलीय!"

तेव्हा कुठे आमच्या डोक्यात प्रकाश पडला. आमच्याकडे एकट्या माणसाचा मोठा फोटो चौकटीत बसून भिंतीवर चढतो तो हार घालण्यासाठीच. जित्या माणसाचे फोटो ट्रंकेत राहतात. इथेच जन्मलेल्या आम्हा दोघांनाही कलेच्या नादात याचा विसर पडावा, म्हणजे कमालच! सभागृहातले काही शहाणे धर्माला अंधश्रद्धेवर व्याख्यान द्यायला पुढे सरसावले. शैलानं त्यांना हातानंच थांबवलं, स्टूल ओढलं आणि चित्र स्वतः उतरवलं. मग भिंतीवरच्या इतर चेहऱ्यांकडे बघत मला म्हणाली, "अहो, ही बाकीचीही माणसं जिवंतच आहेत की." आम्ही सगळी चित्रं उतरवली आणि पापड वाळत घालतात तशी चटयांवर मांडली.

सकाळी चांगुणाबाई स्वतः आल्या, निम्मं गाव घेऊन. लोक वाकवाकून बघत होते, कुणी उकिडवे बसले होते. चांगुणाबाई आपल्याच चेहऱ्याशेजारी फतकल मारून बसल्या आणि म्हणाल्या, "दात कवढे दिसताहेत गो माझे!"

मुंबईचे गृहस्थ आले, चित्रं बघून हरखले, आणि म्हणाले, ही बाई भिंतीवर असेल तरच प्रदर्शन. मुंबईत कुणाला कळणार आहे? शैलाचा चेहरा मी पाहिला. "मला कळेल ना," ती म्हणाली, "त्या आहेत अजून."

गाडी निघून गेली. मला रडू येत होतं आणि ओरडून गावाला सांगावंसंही वाटत होतं, की बघा, ही माझी बायको!

काही वर्षांनी धर्मा आमच्या रोह्याच्या घरी आला. डोकं नुकतंच भादरलेलं. दारातच उभा राहून म्हणाला, "वहिनी, आता लावायचा हाय." शैला न्हाणीघरात गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. जन्मात छापला नसेल असा सुंदर फोटो तिनं त्याला छापून दिला.

आज चांगुणाबाई धर्माच्या घरी भिंतीवर आहेत; मुंबईच्या नसल्या तरी भिंतीवरच, शैलाला हव्या होत्या तशा. काळ आपलं मागणं विसरत नाही, फक्त आपण मागितलेल्या वेळी देत नाही. आणि आता शैलाला सारखं वाटतं, की धर्मानं पुन्हा एकदा तसंच संतापून यावं, आणि तिला तो फोटो खाली उतरवायला लावावा.