तिसऱ्या वळणावरचं ‘राहू दे’

अकोल्याच्या ज्योत्स्नाला अठ्ठेचाळीस सेकंदांनी वेड लावलं होतं. मूर्तिजापूरजवळ कपाशीच्या शेतांना चिकटून मोटारसायकल शर्यतीचा एक छोटा ट्रॅक आहे. त्याची एक चक्कर अठ्ठेचाळीस सेकंदांच्या आत मारणाऱ्यालाच क्लब कोइम्बतूरच्या शर्यतीला पाठवणार होता, आणि नाव द्यायचा हा शेवटचा रविवार. तिचा आकडा मात्र महिनाभर एकोणपन्नासवर ठाण मांडून बसला होता.

दोष अर्थातच गाडीचा. ज्योत्स्ना जमीन मोजणी खात्यात नोकरीला, त्यामुळे चूक शेजारच्याच्या बांधात शोधायची तिला सवयच. तिला शिकवणारे धर्मपालभाऊ क्लबची दीडशे सीसीची लहानशी गाडी सोडून दुसऱ्या कशाला हात लावू देत नव्हते. बडनेऱ्यात गॅरेज चालवणारा हा माणूस हट्टाला पेटला की देवाच्या बापाचंही ऐकायचा नाही.

"भाऊ, एक डाव स्वप्निलची मोठी घेऊ द्या. मंग पाहा," ती म्हणाली.

स्वप्निल दातांचा डॉक्टर. त्याची सहाशे सीसीची लालभडक गाडी कोणी मागितली की त्यालाच कोण आनंद. त्याने लगेच किल्ली पुढे केली.

"ने बापा," धर्मपालभाऊ म्हणाले. "तुह्या मनात राहाले नको."

सरळ रस्त्यावर मोठी गाडी अशी सुटली की ज्योत्स्नाचा जीव हरखून गेला. पण वळण एकदम नाकासमोर आलं. तिने घाबरून ब्रेक दाबला, पुढच्या वळणावर आणखी आधी दाबला. तिसऱ्या वळणाशी जुन्या टायरांच्या ढिगावर उभे राहून धर्मपालभाऊ नेहमीसारखे ओरडले, "राहू दे, राहू दे." तिने ॲक्सिलरेटरची मूठ सोडली आणि गाडीने बैलगाडीच्या चालीने वळण पार केलं.

"बावन्न," स्वप्निलने ओशाळून सांगितलं.

धर्मपालभाऊ ढिगावरून उतरून आले तेव्हा ज्योत्स्नाने हेल्मेट काढलं. डोळे भरून आले होते आणि त्याचाही तिला राग येत होता.

"तुमी बरोबर म्हनता भाऊ. राहू देते. माह्याच्यानं नाई होत."

"म्या कवा म्हनलं असं?"

"रोज म्हनता. तिसऱ्या वळणावर. माय बी घरी तेच म्हनते, राहू दे बाई, तुह्याच्यानं नाई होत. तुमी म्हनलं का मी मूठ सोडून देते."

धर्मपालभाऊ खाली बसले आणि पोट धरून हसले.

"अवं, मी मुठीले म्हनून राहिलो. जेवढी पिळली तेवढी राहू दे, सोडू नको. वळणात सोडली का गाडी मरते. महिनाभर मी ओरडून राहिलो अन् तू सोडून राहिली."

"मंग लहानीच काहून?"

"मोठी सरळ रस्त्यावर चूक झाकते अन् वळणात भेव दाखवते. भेलेल्या मानसाले काई शिकता येते काय? लहानीवर मूठ धरून राहाले शिक. मोठी कुठं पयून नाई चालली."

ती पुन्हा लहान गाडीवर बसली. तिसरं वळण आलं, आरोळी आली, आणि मूठ तिथेच राहिली. गाडी झुकली, गुडघ्याची पट्टी डांबराला खरखरत घासली आणि ती वळणातून सुसाट बाहेर पडली. आपण हे करू शकतो, एवढंच तिला कळलं आणि ती हेल्मेटच्या आत मोठमोठ्याने हसत सुटली. स्वप्निल कडेने दोन्ही हात हलवत पळत होता. थांबायला सांगतो आहे हे दिसूनही ती थांबली नाही. पेट्रोल संपेपर्यंत ती फिरत राहिली.

मग गाडी ढकलत, घामाघूम होऊन ती परत आली. धर्मपालभाऊंनी घड्याळ तिच्या डोळ्यांसमोर धरलं. सत्तेचाळीस पूर्णांक सहा दशांश.

"सही कर," कोइम्बतूरचा अर्ज टाकीवर ठेवत ते म्हणाले.

स्टँड लावायचंही तिला सुचलं नाही. एका हाताने गाडी तोलून धरत तिने दुसऱ्या हाताने सही केली. एवढी हलकी होती ती गाडी.