साखर घातलेला डिंक

सव्वीस वर्षं मी नवऱ्याला एकच टोमणा मारत आले. ड्रायव्हरच्या नावाचा भुंगेरा झाला, चौकीदाराच्या नावाचा झाला, ज्या सहकाऱ्याशी तुमचं तीन वर्षं बोलणं नव्हतं त्याच्याही नावाचा झाला. बायकोच्या नावाचा कधी? ते चष्मा पुसत म्हणायचे, योग्य भुंगेरा मिळाला की. म्हणजे माझ्या तोलाचा किडाच जगात नाही.

आमचे हे भुंगेऱ्यांचे तज्ज्ञ, नव्या जाती शोधून त्यांना नावं देणारे, त्यातही आखूड पंखवाल्यांचे. या किड्यांची पंखांवरची झाकणं अर्ध्यावरच संपतात, मागचं सगळं पोट उघडं, आणि डिवचलं की विंचवासारखं शेपूट वर. आकार तांदळाच्या दाण्याएवढा. हे जंगलातून कुप्या भरून आणायचे आणि मी जेवणाच्या टेबलावर एकेकाला कागदाच्या चिमुकल्या तुकड्यावर चिकटवायची. मी शाळेत शिवण शिकवायची, त्यामुळे बारीक कामाला हात बसलेला. डिंकही माझाच, चिमूटभर साखर घालून केलेला. साखरेमुळे तो वाळल्यावर तडकत नाही.

गेल्या महिन्यात चहा पिताना हे मान वर न करताच म्हणाले, "मिळाला."

उंच डोंगरावरच्या, दिवसभर ढगात बुडालेल्या जंगलातून सव्वीस वर्षांपूर्वी आणलेला एक नर. कशातच बसेना म्हणून तेव्हा बाजूला ठेवलेला. डोकं एका ओळखीच्या जातीसारखं, तांब्याच्या रंगाचं. पण या भुंगेऱ्यांची जात ज्यावरून ठरते तो पोटातला नराचा अवयव मात्र कुठल्याच जातीशी जुळत नव्हता. माझे डोळे भरून आले. ते दिसू नयेत म्हणून मी उगाच ओरडले की कप बशीत ठेवत जा. मग लेकीला फोन केला, शेजारणीला सांगितलं, दूधवाल्यालाही सोडलं नाही.

नव्या जातीवरचा लेख सोमवारी छापायला जायचा होता. शनिवारी ह्यांनी कौतुकाने फोटो दाखवायला बोलावलं. माझा भुंगेरा कॉम्प्युटरच्या पडद्यावर कलिंगडाएवढा. मी म्हणणार होते, रुबाबदार आहे हो. तेवढ्यात छाती आणि पोट यांच्या सांध्यात मला एक पिवळसर कड दिसली. माझा डिंक मी ओळखणार नाही?

झालं होतं असं. सव्वीस वर्षांपूर्वी, हे जंगलातून आले तेव्हा, चिकटवायला टेबलावर दोन नर होते. लेक तापाने फणफणलेली, ती कण्हली म्हणून मी धडपडत उठले, कोपर लागलं आणि दोन्ही नर खाली पडून मधोमध मोडले. काही तुटलं तर ह्यांना सांगायचं, हा घरचा नियम. पण नेमकं त्याच सकाळी हे पाहुण्यांसमोर छाती फुगवून म्हणाले होते, हिच्या हाताला काही तुटत नाही. कुठल्या तोंडाने सांगणार? रंगाला रंग बघून अंदाजाने दोन डोक्यांना दोन पोटं जोडली आणि गप्प बसले. अंदाज चुकला होता.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं झालं. सांगितलं तर भुंगेरा गेला, माझं नाव गेलं, आणि सत्तरीच्या माणसाचा आनंद माझ्याच हाताने मातीत गेला. नाही सांगितलं तर कोणाला कळणार होतं? रविवारी हे लेख मोठ्याने वाचायला बसले. माझं नाव आलं तिथे त्यांचा आवाज इतका हळू झाला की मला पुढे ऐकवेना.

"अहो, तो भुंगेरा एक नाहीये," मी म्हटलं. "दोन आहेत. मी चिकटवलेत." आणि सगळं सांगून टाकलं.

हे रागावले नाहीत, आणि तेच मला जास्त लागलं. उठून आत गेले. बराच वेळ कपाट उघडल्याचे, वह्या पाडल्याचे आवाज येत होते. मग जंगलात नेतात ती जुनी डायरी घेऊन आले, ओलीने फुगलेली. एक पान काढून माझ्यासमोर ठेवलं. शाई पसरली होती, तरी वाचता येत होतं: 'काळं डोकं, तांबडं पोट. असा कधी पाहिला नाही. नवा निघाला तर हिच्या नावाने.' खाली सव्वीस वर्षांपूर्वीची तारीख.

"घरी बघतो तर डोकं तांब्याचं," हे म्हणाले. "मला वाटलं, धुक्यात मलाच रंग नीट दिसला नाही."

टोमणे मी मारले, वाटही मीच अडवली, आणि हा माणूस सव्वीस वर्षं स्वतःच्या डोळ्यांना दोष देत बसला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

काळं डोकं शोधायला कुठे जावं लागलं नाही. काखेत कळसा. त्याच पेटीत, दोन ओळी खाली, नेहमीच्या जातीत गणलेला एक नर, 'जरा काळपट' असा शेरा मारून ठेवलेला. कोमट पाण्याचा थेंब टाकला तसा डिंक विरघळला आणि चार तुकडे सुटे झाले. जात नवीच होती, फक्त लेख आता नव्याने लिहायचा होता. मी म्हटलं, माझा पराक्रम तेवढा गाळा. हे म्हणाले, तो आधी येईल, मग तुझं नाव.

वर्षभरापासून ह्यांचा हात थरथरतो. त्यांनी मायक्रोस्कोप माझ्याकडे सरकवला. मी दोन्ही हात मागे घेतले. म्हटलं, दुसऱ्या कोणाला बोलवा, माझ्याच्याने नाही व्हायचं.

ह्यांनी डिंकाची बाटली उघडून माझ्यापुढे ठेवली.

"हिच्या हाताला काही तुटत नाही," ते म्हणाले, खोलीत पाहुणे बसले असावेत तशा आवाजात.

मी काडीने डिंक घेतला.