शेड एक, गाड्या दोन

मी एक जुना निळा दोर आहे. गाडी अडकली की टोचन करायला मला काढत, एरवी मी शेडमधल्या खिळ्यावर असे. विल्कॅनिया गावाभोवतीच्या उजाड मुलखात मी बऱ्याच गाड्या ओढल्या. पण मित्रांनो, कुतूहल मला दोघींचंच होतं: नोलीनची पिवळी टोराना आणि तिच्या धाकट्या भावाची, क्लॅरीची, लाल फाल्कन.

फाल्कनला आठ सिलिंडर आणि तीनशे हॉर्सपॉवर. टोरानाला सहाच सिलिंडर, ताकद दोनशेच्या आत. पण वजनाला ती चारशे किलोंनी हलकी. बहीणभाऊ साठीला आले तरी हे आकडे एकमेकांच्या तोंडावर फेकायचे.

"ताई, तुझी गाडी म्हणजे शिलाई मशीन आहे."

"आणि तुझी म्हणजे पेट्रोलपंपाचा घरजावई."

मग त्यांचे वडील गेले, लोकर वाहणारा त्यांचा ट्रक विकला गेला आणि शेड रिकामी झाली. तोवर दोन्ही गाड्या उघड्यावरच उभ्या असत. टोरानाच्या टपावर रंगाचे पापुद्रे सुटले होते, फाल्कनचा डॅशबोर्ड तडकला होता. सावली एकच होती. शर्यत लावायची आणि जिंकेल तिला शेड द्यायची, असं ठरलं. हरलेली आणखी किती उन्हाळे काढेल, हे दोघांनाही माहीत होतं. त्या दिवशी कुणी थट्टा केली नाही.

शर्यत कोरड्या तळ्यावर झाली. मी फाल्कनच्या डिकीत होतो. तिने अशी झेप घेतली की मी मागच्या पत्र्यावर आदळलो. ती पुढे निघाली आणि एकाएकी खचली. वरून वाळलेलं तळं आतून ओलं होतं. हलकी टोराना वरच्यावर निसटून पुढे गेली. नोलीनला आता फक्त सरळ जायचं होतं, पण शर्यतीचा शेवट म्हणून ठेवलेल्या पिंपाच्या अलीकडूनच ती मागे वळली.

मला दोघींच्या मध्ये बांधलं. कोण किती पाण्यात आहे ते आता कळणार, म्हणून मी ताठ झालो. टोराना ओढू लागली, तर तिची चाकं जागच्या जागी फिरली.

"हलकी, हलकी म्हणून मिरवत होतीस ना," क्लॅरी म्हणाला.

"मग बस माझ्या डिकीवर. तुझं पोट तरी कामी येऊ दे."

तो बसला. मी तुटेस्तोवर ताणलो गेलो आणि फाल्कन बाहेर आली. ओढणारीला वजनही लागतं, हे मला तेव्हा कळलं.

घरी येताच क्लॅरीने स्वतःच टोराना शेडमध्ये नेली, पार मागच्या भिंतीपर्यंत. नोलीन दारात थांबून मोकळ्या जागेकडे बघत राहिली. मग तिने माझ्यावर गाठ मारून फाल्कन मोजली आणि मला उरलेल्या जमिनीवर पसरलं.

"क्लॅरी, लांबी कधी मोजली होती आपण?"

चाळीस वर्षं त्यांनी ताकद मोजली, वेग मोजला, पेट्रोल मोजलं. लांबी कुणीच मोजली नव्हती. शेड तर ट्रकची होती. फाल्कन टोरानामागे आत गेली, दार लागलं, तरी वीतभर जागा उरली.

"दाराशी माझी गाडी आहे," क्लॅरी म्हणाला. "बाहेर पडायचं तर मला विचारायचं."

नोलीन डोळे पुसत हसत होती. त्या आनंदात, चिखल धुऊन कुंपणावर वाळत टाकलेला मी तिथेच राहिलो, त्याला तीन उन्हाळे झाले. माझा निळा रंग उडाला, धाग्यांचा भुगा होतो आहे. मला वाईट वाटतं. मित्रांनो, काम झालं की दोर आत ठेवत जा. माझा खिळा अजून तिथेच आहे, आणि मला सावली तेवढीच लागते.